जुनी फियाट ग्वाल्हेरहून इंदूरला आणायची आहे : ट्रेलर बनवून घेऊ की भाड्याचं बघू?

रामबागी (इंदूर) | २ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

ग्वाल्हेरला लष्कर भागात, जनकगंजाच्या मागच्या बोळात माझ्या मामांचा वाडा आहे. तिथल्या पडवीत आजोबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. नऊ वर्षं जागची हललेली नाही. चारी टायर बसलेत, ब्रेक जाम, बॅटरी कोणी कधी नेली ते कोणालाच आठवत नाही. आता वाडा विकायचा ठरलाय. मामांनी साफ सांगितलंय, संक्रांतीच्या आत गाडी काढ, नाहीतर भंगारवाला किलोवर घेऊन जाईल.

एकदाच आणायची असती तर विचारलंही नसतं. पण आम्ही तिघे मित्र आहोत. एकाकडे अँबेसेडर, एकाकडे जुनी मारुती ८००, आणि आता माझी ही. कुठे जुन्या गाड्यांचा मेळावा निघाला की त्या चालवत नेताना जीव टांगणीला लागतो. बडोद्याला २०२३च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये तो मोठा मेळावा झाला, तेव्हा लोक आपल्या गाड्या पाळण्यात घालून आणल्यासारख्या आणत होते. तेव्हापासून डोक्यात आहे की माझ्या स्कॉर्पिओमागे जोडता येईल असा आपलाच एक ट्रेलर असावा.

सांवेर रोडवर एका वेल्डिंगवाल्याशी बोललो. तो म्हणाला, "भिया, एक एक्सल, मारुती के दो टायर, ऊपर चेकर प्लेट, पंद्रह दिन में देता हूँ. ब्रेक की क्या जरूरत, आगे गाडी के तो हैं." (चेकर प्लेट म्हणजे उठावाच्या नक्षीचा जाड लोखंडी पत्रा.)

ऐकायला छान वाटलं, पण झोप लागेना. लांबी-रुंदी किती ठेवू? एक्सल एक की दोन? ब्रेक खरंच नकोत का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

लष्करवाला (ग्वाल्हेर) | २ नोव्हेंबर, रात्री १०:१५

ट्रेलरचं मागाहून. आधी हे सांगा, गाडी बोळातून बाहेर कशी काढणार? मी दाणाओलीचा, जनकगंजाच्या बोळा मला पाठ आहेत. काही ठिकाणी समोरून स्कूटर आली की एकाला ओट्यावर चढावं लागतं. आजोबांनी आत नेली तेव्हा बोळ तेवढीच असेल, पण तेव्हा दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि कूलरचे स्टँड नव्हते. वाड्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी टेप घेऊन जाऊन येतो.

चहापोहे (इंदूर) | २ नोव्हेंबर, रात्री १०:३१

एवढा खटाटोप कशाला? टायर बदला, स्कॉर्पिओला दोर बांधा, टोचन करून आणा. आमच्या काकांनी धारहून मॅटाडोर अशीच आणली होती.

खिडकी_क्रमांक_तीन (इंदूर) | २ नोव्हेंबर, रात्री ११:०२

काकांना नमस्कार, पण तो जमाना गेला. (माझं रोजचं काम आरटीओच्या कागदांचं आहे, म्हणून बोलतोय.) टोचन फक्त बंद पडलेल्या गाडीचं, तेही जवळच्या गॅरेजपर्यंत. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागच्या गाडीत स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस हवा, आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नाही. ग्वाल्हेर ते इंदूर शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवासवरून पाचशे किलोमीटर धरा. वीस तास एकाने जाम ब्रेकच्या फियाटमध्ये बसून दोराकडे बघत राहायचं. काकांना विचारा, येतात का.

आणि रामबागी, तुमच्या पद्मिनीची आरसी कधीपर्यंत आहे?

रामबागी | २ नोव्हेंबर, रात्री ११:१०

२०१६पर्यंत. नंतर कोणी नूतनीकरण केलं नाही.

खिडकी_क्रमांक_तीन | २ नोव्हेंबर, रात्री ११:२४

मग ती स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर आणूच नका. कशाच्या तरी पाठीवर बसूनच यायला हवी. इंदूरला आल्यावर नूतनीकरण करू. वीस वर्षांवरच्या मोटारीची फी २०२५च्या ऑगस्टपासून दहा हजार झाली आहे, तेवढे बाजूला ठेवा. मेळाव्यात काही लोक तुम्हाला 'व्हिंटेजमध्ये घाला' म्हणतील. त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात. तुमची अजून तरुण आहे.

मकरपुरा_वेल्डर (बडोदा) | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. शेतीचे ट्रेलर करतो, गाड्या वाहायचेही काही केलेत. तुमच्या सांवेर रोडवाल्याचं ऐकून माझीही झोप गेली.

पहिली गोष्ट टायरची. मारुती ८००च्या टायरवर १४५/७० आर१२ च्या पुढे ६९ असा आकडा असतो. तो भाराचा आकडा आहे, ६९ म्हणजे एका टायरला ३२५ किलो. दोन टायर म्हणजे ६५०. तुमची पद्मिनी रिकामी नऊशे किलोच्या आसपास, ट्रेलरचं स्वतःचं वजन कितीही काटकसर केली तरी साडेसहाशे. झाले साडेपंधराशे. साडेसहाशेच्या टायरवर साडेपंधराशे! गुना येण्याआधी फुटेल, आणि एक्सल एकच असेल तर फुटल्यावर सावरायला दुसरं काही नाही. म्हणून दोन एक्सल. तेही मारुतीच्या टायरवर नको, चार मिळून तेराशेच होतात. १६५/८० आर१४, भाराचा आकडा ८५ बघा. एकाला ५१५ किलो, चारांचे दोन हजार साठ. अँबेसेडरसुद्धा त्यात बसते.

दुसरी गोष्ट प्लेटची. पाच मिलिमीटरची चेकर प्लेट चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास भरते. चौदा फूट बाय सव्वासहा फूट अख्खी पसरली तर नुसती प्लेटच सव्वातीनशे किलो. गाडीला चाकं चारच आहेत ने? दीड-दीड फुटाचे दोन पट्टे टाका, मधलं मोकळं ठेवा. दीडशे किलोत काम होतं, खालून पट्टे बांधायला हातही जातो, आणि पावसाचं पाणी साठत नाही.

लांबी चौदा फूट पुरे. पद्मिनी ३.९ मीटर, अँबेसेडर ४.३ला थोडी बाहेर डोकावेल, पण तिची चाकं आतच राहतात. मडगार्डांच्या मधे १.९ मीटर ठेवा, नाहीतर गाडी चढेल आणि दार उघडणार नाही, मग खिडकीतून बाहेर यावं लागतं. (मी आलोय.) बाहेरून सगळं मिळून अडीच मीटरच्या आत. कायद्याची हद्द २.६ आहे, पण आपल्या रस्त्यांची हद्द त्याहून कमी.

चहापोहे | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

खिडकीतून बाहेर आल्याचा फोटो हवा.

धुरकरी (इंदूर, मूळ देपालपूर) | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

मकरपुरावाल्यांनी लोखंडाचं सगळं सांगितलं. पण ट्रेलरचा प्राण लोखंडात नाही, तोलात आहे, आणि तो तुमच्या पिढीला कोणी शिकवलेला नाही.

मी पिथमपूरला ट्रकच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढली. पण तोल शिकलो त्याआधी, देपालपूरला आजोबांच्या बैलगाडीवर. गाडीत सोयाबीनची पोती भरताना आजोबा पोत्यांकडे बघत नसत, बैलांच्या मानेकडे बघत. पोती मागे जास्त झाली की धुरा वर उचलली जायची, जू बैलांच्या गळ्याला खालून लागायचं. ती गाडी उलाळ. पुढे जास्त झाली की मान खाली जायची, बैल दोन कोसात थकायचा. ती धुरजड. आजोबा म्हणत, किंचित धुरजड चालेल, उलाळ अजिबात नको.

मोटारीमागच्या ट्रेलरचं शास्त्र एवढंच आहे. एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकावर दाबत असला पाहिजे. तुमच्या साडेपंधराशेला दीडशे किलोच्या आसपास. तो कमी झाला, ट्रेलर उलाळ झाला, की साठ-सत्तरच्या वेगाला शेपूट हलायला लागते. आधी थोडी डावी-उजवी, मग प्रत्येक झोल्याला जास्त, मग ती शेपूट पुढच्या गाडीलाही फिरवते. फार जास्त झाला तर स्कॉर्पिओची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हवेत असल्यासारखं वाटतं.

आता हिशेब बघ रामबागी. हुकापासून एक्सलच्या मध्यापर्यंत साडेतीन मीटर धर. नऊशे किलोची गाडी ट्रेलरवर एक फूट मागे उभी केलीस, तर हुकावरचे सत्त्याहत्तर किलो गेले. दीडशेतले निम्मे! एका फुटात! म्हणून ट्रेलरवर गाडी 'बसली' म्हणून चालत नाही, कुठे बसली ते बघायचं. पहिल्यांदा धर्मकाट्यावर (ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर) जा, ट्रेलरची फक्त पुढची टेकू काट्यावर ठेव, बाकीचा ट्रेलर बाहेर. आकडा दिसेल. गाडी पुढे-मागे करून दीडशेवर आण आणि पट्ट्यावर रंगाने खूण कर. पद्मिनीची एक, अँबेसेडरची वेगळी.

रामबागी | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:४८

काका, हे वाचून उभा राहिलो. वेल्डिंगवाल्याला मी एक्सल कुठे लावणार विचारलं होतं. तो म्हणाला "बीच में, और कहाँ."

धुरकरी | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

मध्यात लावलेल्या एक्सलवर मागे इंजिनवाली गाडी चढव, मग बघ गंमत. थोडा मध्याच्या मागेच हवा.

आणि शेपूट हलायला लागली तर करायचं काय, तेही लिहून ठेव. ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. माणूस नेमकं उलट करतो, घाबरून ब्रेक दाबतो, नाहीतर शेपटीच्या विरुद्ध स्टिअरिंग मारतो.

सुरसागरकाठी (बडोदा) | ३ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी यातली तज्ज्ञ नाही, पण गाडी पाठवण्याचा एक अनुभव सांगते, कोणाचा तरी पैसा वाचेल.

मागच्या वर्षी यजमानांची बदली इंदूरला झाली तेव्हा आमची छोटी गाडी एका वाहतूकवाल्याकडे दिली. 'बंद कंटेनरमध्ये नेतो' असं ठरलं, पैसेही त्याच हिशेबाने दिले. गाडी दोन दिवसांत पोचली, आम्ही खूश. मग यजमानांनी मीटर बघितला. निघताना मी सवयीने मीटरचा फोटो काढला होता. साडेतीनशेच्या वर किलोमीटर वाढलेले! म्हणजे बडोदा, गोध्रा, दाहोद, माछलिया घाट सगळं ड्रायव्हर आमची गाडी चालवतच गेला होता. मागच्या सीटवर शेंगदाण्याची टरफलंसुद्धा मिळाली. फोनवर म्हणाले, "बेन, कंटेनर भरला नाही म्हणून." पैसे परत काही मिळाले नाहीत.

तर देताना मीटरचा फोटो तारखेसकट, चारी बाजूंचे फोटो, आणि बिल्टीवर (वाहतूकवाल्याच्या पावतीवर) 'गाडी लादून नेणार, चालवून नाही' असं लिहून सही घ्या. आगाऊ सगळे पैसे देऊ नका.

खिडकी_क्रमांक_तीन | ३ नोव्हेंबर, दुपारी २:१०

ताईंना एक जोड देतो. मोटारीच्या पॅकेज पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या कलमात 'रस्ता, रेल्वे, जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने वाहून नेताना' झालेलं नुकसानही येतं. लोकांना हे माहीत नसतं. मात्र फक्त थर्ड पार्टी असेल तर काही नाही. रामबागींच्या पद्मिनीची पॉलिसी आरसीबरोबरच वारली असणार, तर वाहतूकवाल्याकडून त्या खेपेपुरता ट्रान्झिट विमा मागा, किमतीचा आकडा लिहून.

आता ट्रेलरचं कडू औषध. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी, नंबर, विमा. कोणीही वेल्डिंग करून दिलेल्या चौकटीची नोंदणी होत नाही. मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्या नमुन्याचा ट्रेलर असेल तर होते. सांवेर रोडवाला 'नंबर की चिंता मत करो' म्हणाला असेल, तर चिंता करा. ट्रॅक्टरची ट्रॉली बिननंबरी फिरते हे बघून लोकांना वाटतं सगळं चालतं. अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी कागद मागते.

मकरपुरा_वेल्डर | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३५

हे खरं आहे. म्हणूनच मी गाड्यांचे ट्रेलर कारखान्याच्या आवारात आणि ट्रॅकवर फिरवायलाच देतो, हायवेसाठी गिऱ्हाईक आलं तर प्रमाणपत्रवाल्याकडे पाठवतो. धंदा जातो, झोप राहते.

ब्रेकचं विचारलं होतं ते राहिलं. साडेपंधराशे किलोला ब्रेक हवेतच. युरोपात साडेसातशे किलोच्या वर ट्रेलरला ब्रेक लावणं सक्तीचं आहे. साधा प्रकार म्हणजे ढकल्याचा ब्रेक. पुढची गाडी थांबायला लागली की ट्रेलर मागून ढकलतो, दांडीतला दट्ट्या आत सरकतो, त्याला जोडलेली केबल ट्रेलरच्या ड्रमचे ब्रेक ओढते. ना वायर, ना तेल, ट्रेलर स्वतःच्या धक्क्याने स्वतःला थांबवतो. खोट एकच, रिव्हर्स घेतानाही दट्ट्या आत जातो आणि ब्रेक लागतात. त्याला कुलूप घालायची कळ असते, किंवा उलट फिरल्यावर सुटणारे ड्रम मिळतात. आणि एक बारीक तार पुढच्या गाडीला वेगळी बांधायची. हूक निसटलाच तर ती ताणून ट्रेलरचा ब्रेक लावते आणि मग तुटते.

धुरकरी | ३ नोव्हेंबर, रात्री ८:१२

बिनब्रेकचा ट्रेलर घेऊन मुंबईच्या रस्त्याला लागायचं असेल तर गणपती घाट आठवा. तिथल्या जुन्या उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकांनी काय केलंय ते इंदुरात कोणाला सांगायला नको. उतरायचं ते चढताना लागला असता त्या गिअरमध्ये.

चहापोहे | ३ नोव्हेंबर, रात्री ८:४०

रेल्वेने येत नाही का? मालगाडीवर गाड्या जाताना बघतो की.

खिडकी_क्रमांक_तीन | ३ नोव्हेंबर, रात्री ८:५२

त्या कंपन्यांच्या नव्या गाड्या. जुन्या प्रवासी डब्यांच्या खिडक्या बंद करून टोकाला दारं केलेले एनएमजी डबे असतात, अख्खी रेक (सगळ्या डब्यांची पूर्ण गाडी) बुक होते. आजोबांची एक फियाट त्यात नाही बसणार.

लष्करवाला | ४ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

जाऊन आलो. मामांनी चहा पाजला आणि गाडीच्या खरेदीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

बोळ सगळ्यात अरुंद जागी सात फूट दोन इंच. पद्मिनी पाच फुटांच्या आत आहे, निघेल. पण कोणताही ट्रक किंवा ट्रेलर आत येणार नाही. म्हणजे वाडा ते मोठा रस्ता, साधारण दीडशे पावलं, गाडी चाकांवरच काढायची. मागचं डावं चाक अजिबात फिरत नाही. बाकी तीन थोडी हलतात. समोरच्या वळणावर एक हातपंप आहे, तिथे पुढून नाही वळणार, मागूनच काढावी लागेल.

मागच्या सीटवर एक मांजर राहते. मामा म्हणाले तिला आधी विचारा.

सुरसागरकाठी | ४ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

मांजराचा ट्रान्झिट विमा काढला का?

धुरकरी | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

रामबागी, मला एक सांग. तिघे मिळून वर्षातून किती खेपा होतील? खरं सांग, उत्साहातलं नको.

रामबागी | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:४१

...तीन. फार तर चार.

धुरकरी | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:५८

चार खेपांसाठी वर्षभर चौदा फुटांचं लोखंड दारात उभं करणार, त्याचे टायर उन्हात तडकणार, बेअरिंगचं ग्रीस वाळणार, आणि रामबागेत ते ठेवणार कुठे? शेजारी त्यावर कपडे वाळत घालतील. स्कॉर्पिओच्या माहितीपुस्तकात किती ओढायची परवानगी आहे ते बघितलंस का? नसेल लिहिलं तर बाहेरून हूक लावल्यावर कंपनी हात वर करेल. लाखभर रुपये आणि एवढी दगदग, चार खेपांसाठी!

घसरत्या बेडचा फ्लॅटबेड बघ, म्हणजे ज्याची सपाट पाठ मागे सरकून जमिनीला टेकते असा ट्रक. गाडीची चारी चाकं जमिनीवरून सुटतात, ब्रेक जाम असले तरी विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) ओढून घेते.

मकरपुरा_वेल्डर | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

काका धंदा मारतायत माझा :) पण बरोबर बोलतात. एक मात्र, स्वस्तात पडतो म्हणून साध्या मोकळ्या ट्रकमध्ये फळ्या लावून चढवू नका. चढाचा हिशेब करा. ट्रेलरचा पट्टा जमिनीपासून पंचावन्न सेंटिमीटर, दहा अंशाच्या चढाला सव्वातीन मीटरची रॅम्प लागते. ट्रकचा फाळका मीटरभर उंच, तिथे तेवढ्याच चढाला पावणेसहा मीटर लागेल. एवढी लांब फळी कोण आणतो? तीन मीटरची लावतात, चढ वीस अंशांचा होतो, गाडीचं पोट फाळक्याच्या कडेवर बसतं आणि मध्येच फळी मोडते. मालधक्का असेल, जिथे ट्रकचा पाटा आणि ओटा एका उंचीला येतो, तरच तो उद्योग.

फ्लॅटबेडवाल्याकडे एक गोष्ट बघा, पट्टे कशाला बांधतो. बरेच जण बंपरला नाहीतर चॅसिसला साखळी आवळतात. गाडी स्वतःच्या स्प्रिंगांवर वरखाली होते, खड्ड्यात खाली बसली की साखळी सैल, वर आली की झटका. चाकांवरून पट्टे घ्यायला सांगा, चारी चाकांना वेगळे. मग गाडी आपल्या स्प्रिंगांवर खुशाल डोलू दे.

चहापोहे | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आमच्याकडे आता ऑटोमॅटिक आहे. ती बंद पडली तर पुढची चाकं उचलून न्यायची का?

मकरपुरा_वेल्डर | ४ नोव्हेंबर, रात्री ९:४४

इंजिनचा जोर ज्या चाकांना जातो ती जमिनीवर घासत न्यायची नाहीत, एवढं लक्षात ठेवा. तुमची पुढच्या चाकांची असेल तर पुढची उचलून चालतं. पद्मिनीसारखी मागच्या चाकांची असेल तर मागची उचला, किंवा प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनचा जोर मागच्या चाकांना नेणारा दांडा) सोडा. चारही चाकांना जोर असेल किंवा बॅटरीवाली असेल तर फ्लॅटबेडच. विचार करत बसू नका.

रामबागी | २४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

गाडी आली!!

सगळं सांगतो, तुमचं ऋण आहे.

शेवटी ट्रेलरचा नाद तूर्त सोडला. देवास नाक्यावर चौकशी केली, एक घसरत्या बेडचा फ्लॅटबेड ग्वाल्हेरला गाडी सोडायला जाणार होता, परतीचा रिकामा. परतीच्या भाड्यात त्याने जवळजवळ निम्म्याने सांगितलं. बिल्टीवर सुरसागरकाठी ताईंचं वाक्य शब्दशः लिहून घेतलं. ड्रायव्हर हसला, पण सही केली.

मी आदल्या रात्री ग्वाल्हेरला पोचलो. लष्करवाले दादा सकाळी सात वाजता मिस्त्री घेऊन हजर. आमची आधी ओळख नव्हती, हे लिहिताना आता खोटं वाटतं. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम काढायला सव्वा तास गेला, आत ब्रेकचे शू ड्रमला गंजून चिकटलेले. लाकडाचा ठोकळा लावून हातोडी, परत तेल, परत हातोडी. सुटला तेव्हा आख्खी बोळ टाळ्या वाजवत होती. टायरमध्ये जुन्याच ट्यूब, दोनांनी हवा धरली, दोनांनी नाही. मग दीडशे पावलं आठ माणसं आणि मागून ढकलणारी चार पोरं. हातपंपापाशी पाऊण तास. आजूबाजूच्या ओट्यांवरून बायका 'थोडं डावीकडे, थोडं डावीकडे' सांगत होत्या, आणि त्यांचंच बरोबर होतं.

मोठ्या रस्त्यावर विंचने दहा मिनिटांत वर. ड्रायव्हर साखळी पुढच्या बंपरला लावायला गेला. मी म्हटलं, चाकांवरून. तो म्हणाला, सगळे अशीच नेतात. लष्करवाले दादा त्याला ग्वाल्हेरी हिंदीत काही बोलले, ते इथे लिहीत नाही. चार पट्टे चारी चाकांवरून लागले.

घाटीगावला थांबवून बघितलं, दोन पट्टे सैल! गाडी हलली नव्हती, पण टायरमध्ये हवा नसल्यामुळे रबर दबून पट्टा ढिला झाला होता. हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतो : हवा नसलेल्या टायरवरचा पट्टा पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये पुन्हा आवळायलाच हवा. मोहनाला परत बघितले, घट्ट होते. पुढे ब्यावऱ्याला एकदा.

उतरवताना मात्र माझी चूक झाली. रामबागेत घराजवळ विजेच्या तारा खाली आल्यात, तिथे बेड पूर्ण उचलता येईना, म्हणून थोड्या चढावर लावून उतरवली. शेवटच्या फुटाला सायलेंसर बेडच्या कडेला घासला आणि मधून तुटून लोंबला. पाचशे किलोमीटर सुखरूप, दारात येऊन सायलेंसर. वडील म्हणाले तो तसाही गंजलेलाच होता. ते माझ्या समाधानासाठी म्हणाले असावेत.

धुरकरी | २४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

वा. मागच्या चाकाचे ब्रेक शू टाकू नकोस, दाखवायला आण. रविवारी घरी ये.

मकरपुरा_वेल्डर | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

आणि ट्रेलर?

रामबागी | २५ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

पुढच्या हिवाळ्यात खेपा मोजतो. सहाच्या वर गेल्या तर तुम्हाला फोन, प्रमाणपत्रवाल्याचा नंबर घ्यायला. दीड फुटाचे दोन पट्टे, ढकल्याचा ब्रेक, १६५/८० आर१४. डायरीत लिहून ठेवलंय.

सुरसागरकाठी | २५ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

मांजराचं काय झालं?

लष्करवाला | २५ नोव्हेंबर, दुपारी १:०२

मांजर गाडी हलायच्या आदल्याच दिवशी मामांच्या धान्याच्या कोठीवर राहायला गेली. बाकी सगळं ठीक, पण रामबागी, काल मामांकडे गेलो होतो. पद्मिनीच्या डिकीची किल्ली त्यांच्या देवघरातल्या डबीत सापडली.

रामबागी | २५ नोव्हेंबर, दुपारी १:१०

अरे देवा. म्हणजे काल आम्ही ते कुलूप तोडायला बसलो होतो ते उगाचच. अजून पूर्ण तुटलेलं नाही.

लष्करवाला | २५ नोव्हेंबर, दुपारी १:१४

मग तोडू नका. शुक्रवारी माझा भाचा रात्रीच्या बसने इंदूरला येतोय, त्याच्याकडे देतो. सोबत किलोभर गजकही. डिकीत आजोबांची टूलकिट असेल असं मामा म्हणतायत, उघडल्यावर फोटो टाका.